फुल फॉर्म पाठ आहे

१ डिसेंबरच्या सकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या पायऱ्यांवर रांगोळ्या दिसतात. लाल फीत, पृथ्वीचा गोल, एकमेकांत गुंफलेले हात आणि खाली वळणदार अक्षरांत संदेश. एनएसएसची पोरं प्रभातफेरी उरकून वडापावच्या गाडीवर टेकलेली असतात. दुपारी रेड रिबन क्लबची प्रश्नमंजूषा. पहिला प्रश्न ठरलेला: एचआयव्हीचा फुल फॉर्म सांगा. पन्नास हात वर. ह्यूमन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस. दुसरा प्रश्न, जागतिक एड्स दिन कधी असतो? हा प्रश्न त्याच दिवशी, त्याच फलकाखाली उभं राहून विचारला जातो आणि त्यालाही गुण मिळतात.

मग पाहुण्यांचं व्याख्यान. शेवटी 'कुणाला काही शंका?' असं विचारलं की सभागृहात फक्त पंख्यांची घरघर. तेच कोरे कागद वाटले आणि नाव घालू नका म्हणून सांगितलं, की चिठ्ठ्यांचा ढीग लागतो. त्यातले प्रश्न गाव बदललं तरी फारसे बदलत नाहीत. 'एकावर एक दोन कंडोम वापरले तर डबल सेफ ना?' 'ते केल्यावर आयपिल घेतली, आता एचआयव्हीचं टेन्शन नाही ना?' 'टेस्ट केली तर घरी कळतं का?' आणि जवळजवळ प्रत्येक ढिगात एक: 'फक्त एकदाच झालं असेल तर?'

पहिल्या दोन चिठ्ठ्या लगेच निकालात काढू. दोन कंडोम एकमेकांवर घासतात आणि फाटण्याचा धोका वाढतो. एकच वापरायचा, नीट आणि सुरुवातीपासून. आयपिल गर्भ राहू नये म्हणून आहे, विषाणूशी तिचा काडीचाही संबंध नाही. उरलेल्या दोन चिठ्ठ्यांची उत्तरं एवढ्यात होणार नाहीत. पण फुल फॉर्म पाठ असलेला मुलगाच ही चिठ्ठी लिहितो, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याला माहिती नाही असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे परीक्षेत उपयोगी पडणारी माहिती आहे, शनिवारी रात्री उपयोगी पडणारी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा फरक मोजण्याची एक बरी पद्धत आहे. एचआयव्हीचं नाव ऐकलंय का, एवढ्यावर तिथे भागत नाही. पाच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: दरवेळी कंडोम वापरल्याने धोका कमी होतो, संसर्ग नसलेल्या एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहिल्यानेही होतो, धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही संसर्ग असू शकतो, डास चावून तो होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही. पाचही उत्तरं बरोबर आली तरच 'सर्वंकष ज्ञान' आहे असं धरतात. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या २१.६ टक्के बायका आणि ३०.७ टक्के पुरुष या चाळणीतून पार पडले. चौथ्या फेरीत हे आकडे २०.९ आणि ३२.३ होते. म्हणजे मधल्या चार-पाच वर्षांत घरोघर स्मार्टफोन आला आणि पुरुषांचा आकडा चक्क खाली घसरला.

डासाचा प्रश्न तर चिवटच. त्याचं उत्तर 'नाही' असं पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेतलेलं बरं. डासाच्या सोंडेत दोन वेगळ्या नळ्या असतात, एकीतून तो लाळ आत सोडतो आणि दुसरीतून रक्त वर ओढतो. आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याला टोचत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या अंगात वाढतो आणि लाळेत उतरतो. एचआयव्हीला मात्र वाढायला माणसाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशी लागतात. त्या डासात नाहीत, त्यामुळे विषाणू डासाच्या पोटात पचून जातो. आणि हे काहीच ठाऊक नसलं तरी साधा हिशेब पुरे आहे. डासांमुळे पसरत असता तर कोकणातल्या पावसाळ्यात पाळण्यातल्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना सारखाच झाला असता.

तरी पाचही उत्तरं बरोबर देणाऱ्यालाही एक गोष्ट बहुधा माहीत नसते, ती म्हणजे वेळ. विषाणू शिरल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं काहीतरी होतं. व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल घेतली जाते, ते जातं. त्यानंतर उपचार न घेताही माणूस आठ-दहा वर्षं ठणठणीत दिसू शकतो. पण त्या पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो आणि नेमक्या त्याच काळात साधी चाचणी 'निगेटिव्ह' येऊ शकते, कारण चाचणी शोधते ती प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात. प्रतिपिंडं शोधणाऱ्या झटपट चाचणीला संसर्ग पकडायला २३ ते ९० दिवस लागू शकतात. शिरेतल्या रक्तावर होणारी नव्या पिढीची चाचणी तो १८ ते ४५ दिवसांत पकडते. म्हणून 'मी मागच्याच आठवड्यात टेस्ट केली, क्लीन आहे' हे वाक्य प्रामाणिकपणे बोललेलं असलं तरी त्यावर विसंबता येत नाही. त्या 'क्लीन' शब्दाबद्दलही एकदा सविस्तर बोलायला हवं. रक्तात विषाणू असलेला माणूस घाण असतो का?

भारतात हा विषाणू सापडला तोच मुळी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधामुळे. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांना त्यांच्या मार्गदर्शक सुनीती सोलोमन यांनी हा विषय सुचवला. एड्स म्हणजे अमेरिकेचा रोग, आपल्या संस्कारी देशात तो कुठून येणार, असं तेव्हाचं मत. १९८६ च्या सुरुवातीला निर्मला यांनी ऐंशीएक रक्तनमुने गोळा केले, बरेचसे पोलिसांनी पकडून ठेवलेल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे. चेन्नईत तपासणीची सोय नव्हती, म्हणून बर्फाच्या पेटीत नमुने घालून त्या रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. नमुने अमेरिकेतही तपासले गेले आणि निदान पक्कं ठरलं. एवढ्या मोठ्या शोधानंतर निर्मला परत अभ्यासाला लागल्या, कारण परीक्षा तोंडावर होती. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. आज खुपणारी गोष्टही या कथेत आहे: त्या बायकांना आपलं रक्त नेमकं कशासाठी घेतलं जातंय हे सांगितलं गेलं नव्हतं.

पहिले नमुने कुणाचे होते, यावरून देशाने एक निष्कर्ष काढला आणि तो अजून पुसला गेलेला नाही. हा रोग 'तसल्या' माणसांचा, असा तो निष्कर्ष. वस्तीत जाणारे, ट्रकवाले, व्यसनी. मुंबईत २००२ च्या अखेरीस 'बलबीर पाशाला एड्स होईल का?' असं विचारणारी हिंदी होर्डिंग्ज झळकली होती. लोकलमधल्या गप्पांत बलबीर पाशा घरच्यासारखा झाला. प्रत्येकाने त्याची काळजी केली, स्वतःची कुणीच नाही.

पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. शहरातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या आणि वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रिया त्यांनी तपासल्या. त्यातल्या १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्ही होता. बहुतेकींचा आयुष्यात एकच पुरुष, तो म्हणजे नवरा. मंगळसूत्र घातलेल्या, हळदीकुंकवाला जाणाऱ्या या बायका 'तसल्या'च्या कुठल्या खान्यात बसवायच्या? विषाणू माणसाची जात पाहत नाही, क्रिया पाहतो. रक्त, वीर्य, योनिस्राव किंवा आईचं दूध एका शरीरातून दुसऱ्यात गेलं का, एवढंच तो विचारतो.

आजच्या वसतिगृहात ही समजूत वेगळ्या कपड्यांत वावरते. 'आमचं तसलं नाही, आम्ही रिलेशनशिपमध्ये आहोत.' 'ती चांगल्या घरची आहे.' पहिले काही आठवडे कंडोम असतो, मग विश्वास बसला की तो जातो, तपासणी मात्र दोघांपैकी एकानेही केलेली नसते. कंडोम वापरू या म्हणणं म्हणजे संशय घेणं, असा अर्थ लागतो. मुलीच्या पर्समध्ये तो सापडला तर ती 'पोहोचलेली' ठरते. मुलाच्या पाकिटात सापडला तर मित्र पाठीवर थाप मारतात. (पाकिटात महिनोन्महिने उबेत चेपलेला कंडोम भरवशाचा राहत नाही, ही थाप मारणाऱ्यालाही माहीत नसलेली गोष्ट.) मुलगे मुलग्यांशी, मुली मुलींशी संबंध ठेवतात हे तर व्याख्यानात उच्चारलंच जात नाही. गुदसंभोगात धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, ही माहिती ज्याला सगळ्यात जास्त लागते त्यालाच ती सभागृहात मिळत नाही. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दूर केला. व्याख्यानाच्या स्लाइड्स त्याआधीच्याच आहेत.

आता आकड्यांतली एक गंमत. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांचं मोठं सर्वेक्षण झालं. लाजिरवाणी उत्तरं तोंडाने द्यावी लागू नयेत म्हणून कार्डावर खूण करून ते लिफाफ्यात बंद करण्याची सोयही त्यात होती. लग्नाआधी संबंध आल्याचं १५ टक्के तरुणांनी आणि ४ टक्के तरुणींनी सांगितलं. हा हिशेब जुळवून बघा. काही मुलगे मोठ्या स्त्रियांकडे किंवा पैसे देऊन गेले असतील हे खरं, पण बंद लिफाफ्यातही मुलींना खरं लिहिण्याची भीती वाटली असणार, हेही नाकारता येत नाही. या विषयावरच्या प्रत्येक टक्केवारीकडे मी या लिफाफ्याच्या आठवणीनेच पाहतो.

आकडे उलट्या बाजूनेही फसवतात. जुलै २०२४ मध्ये त्रिपुरातले ८२८ विद्यार्थी एचआयव्हीबाधित, ४७ जणांचा मृत्यू, अशी बातमी देशभर फिरली, मराठी व्हॉट्सअॅप गटांवरही आली. जणू त्या एका वर्षात हे घडलं. खुलासा नंतर आला: हा आकडा एप्रिल २००७ ते मे २०२४ या सतरा वर्षांतल्या नोंदींचा होता, आणि त्यातले ५७२ जण हयात होते. खुलासा अर्थातच कुणी पुढे पाठवला नाही. बातमीतली खरी काळजीची गोष्ट वेगळी होती. ही मुलं प्रामुख्याने सुईतून अमली पदार्थ घेत होती, एकच सुई फिरवत. देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, सुईतून नशा करणाऱ्यांत ते सुमारे ९ टक्के. सुईबद्दल प्रश्नमंजूषेत एक प्रश्न असतो, सलूनमधल्या वस्तऱ्याबद्दल.

समजा एखाद्याला सगळं ठाऊक आहे. तरी तो तसा वागेल का? अमेरिकेतल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅन एरियली आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी हे तपासून पाहिलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. पुरुष विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर प्रश्न विचारले: कंडोम शोधायला गेलात आणि तोवर समोरच्याचं मन बदललं तर, अशी भीती वाटली, तरी तुम्ही तो वापराल का? अशाच धर्तीचे. काहींनी शांत डोक्याने उत्तरं दिली, काहींनी लैंगिक उत्तेजनेच्या अवस्थेत. एरवी शहाणपणाने उत्तर देणारा विद्यार्थी त्या अवस्थेत वेगळाच माणूस निघाला. कंडोमचा आग्रह सैल झाला, एरवी नको वाटणाऱ्या गोष्टी चालतील असं वाटू लागलं. कंडोमचा उपयोग काय हे तो विसरला नव्हता, ते त्या क्षणी पुढे आलं नाही इतकंच. त्यामुळे 'तेव्हाचं तेव्हा बघू' ही योजना नव्हेच. कंडोम आधीच जवळ असणं आणि तो विषय आधीच, कपडे अंगावर असताना, निघालेला असणं, यातच सगळं आलं.

विषय निघणार कसा, हा मराठीत जरा जास्तच अवघड प्रश्न आहे. आपल्याकडे या क्रियेला एकतर 'समागम', 'शरीरसंबंध' असे पाठ्यपुस्तकी शब्द आहेत, नाहीतर शिव्या. मधलं, दोन माणसांनी रोजच्या आवाजात बोलावं असं काही नाही. म्हणून चिठ्ठीत 'ते' असतं. मेडिकलमध्ये जाऊन 'एक ते द्या' म्हणायचं, दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देणार. सरकारने १९६८ मध्ये स्वस्त कंडोम बाजारात आणला तेव्हा नावही सोवळं ठेवलं, निरोध.

याच मराठीत, याच विषयावर शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने सरळ बोलून दाखवलं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. हा प्रचार थांबवा नाहीतर राजीनामा द्या, असं कॉलेजने म्हटल्यावर त्यांनी राजीनामा दिला. 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तक त्यांनी लिहिलं. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरण येईपर्यंत तोट्यात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचकांची पत्रं यायची आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. त्या पत्रांतले प्रश्न आणि आजच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न यांत नातं अगदी जवळचं आहे. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं. खटला कर्वे हरले.

आणि २००७ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधानसभेत पौगंडावस्थेतल्या मुलांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमावरून गदारोळ झाला, पुस्तकातली चित्रं आक्षेपार्ह ठरली आणि लैंगिक शिक्षणावर बंदी आली. मुलगा अठराव्या वर्षी महाविद्यालयात येतो तो ही कोरी पाटी घेऊन. कोरी तरी कसली, मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींनी भरलेली, ज्यांत कंडोम क्वचितच दिसतो आणि परवानगी कुणी विचारत नाही.

तिसरी चिठ्ठी, 'घरी कळतं का'. नाही. निदान कळवण्याचा अधिकार कुणाला नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. एचआयव्ही आहे म्हणून महाविद्यालय प्रवेश नाकारू शकत नाही, वसतिगृह खोली काढून घेऊ शकत नाही. हे किती मोठं आहे ते कळायला गोव्यातली एक गोष्ट आठवावी. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला, त्याने केलेल्या रक्तदानातून एचआयव्ही कळला म्हणून, पोलिसांनी उचललं आणि ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. गोव्याचा त्या वेळचा कायदा तशी मुभा देत होता. सुटल्यावर त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

आज तो असता तर गोळ्या घेऊन म्हातारा झाला असता. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत चाचणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, पॉझिटिव्ह ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात. विषाणू दाबून ठेवणारी एआरटी औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. वेळेवर औषध दिल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं, त्यातली काही जोडपी पुण्यातली होती. पुण्याच्या भोसरीत सिद्ध झालेली ही गोष्ट पुण्याच्याच फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यावर अजून पोहोचलेली नाही. तिथे एचआयव्ही म्हणजे अजूनही मरण, आणि जे मरण आहे त्याची चाचणी कोण करणार?

उरली शेवटची चिठ्ठी: फक्त एकदाच झालं असेल तर? एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या पुरुषाशी दहा हजार वेळा असुरक्षित योनिसंबंध आला तर स्त्रीला सुमारे ८ वेळा लागण होते. गुदसंभोगात आत घेणाऱ्याला सुमारे १३८ वेळा, वापरलेल्या सुईतून सुमारे ६३ वेळा. आकडे लहान वाटतात. पण ही सरासरी आहे. समोरचा नुकताच बाधित झालेला असेल किंवा दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असेल, तर ती कितीतरी वर जाते. शिवाय पहिल्या वेळेला सवलत नसते. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडालेले फलंदाज आपण पाहिलेत.

मात्र 'झालं असेल तर' याला आज एक उत्तर आहे, आणि ते घड्याळाशी बांधलेलं आहे. धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं आणि २८ दिवस नेमाने घेतलं, तर संसर्ग बहुतेक वेळा रोखता येतो. जितक्या लवकर तितकं बरं. डॉक्टरांकडे जाऊन 'पेप', म्हणजे हेच औषध, हवं म्हणायचं. कुठे जावं कळत नसेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक लावायचा. पण ७२ तास म्हणजे किती, हे एकदा बोटांवर मोजून बघा. शनिवारची रात्र. रविवारी डोकं जड, मित्राला सांगू की नको यात दिवस जातो. सोमवारी प्रॅक्टिकल. मंगळवारी दुपारी गूगल. मंगळवारी रात्री खिडकी बंद.